तरुण लॅब्राडॉरला येणारे झटके: एमआरआयच्या आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळच्या मळ्यातला १४ महिन्यांचा, २५ किलोचा लॅब्राडॉर दोन महिन्यांत तीनदा पहाटे झोपेतच ताठ झाला, पाय झाडले, लाळ आणि लघवी गेली. दीड-दोन मिनिटांत थांबलं, पण नंतर अर्धा तास भिंतींना धडकत फिरला. एरवी ठणठणीत आहे, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता पुण्या-मुंबईला जाऊन मेंदूचा एमआरआय करावा का?

माझं मत: आत्ता नको. आधी हातातल्या गोष्टी नीट करा. मोबाईलवरचा व्हिडिओ, एक वही आणि मोजक्या तपासण्या यांतून डॉक्टरांना बहुतेक गोष्टी कळतात.

तुम्ही लिहिलंय ते फिटच्या वर्णनाशी जुळतं. आराम करताना किंवा झोपेत सुरुवात, अंग ताठ, नंतर बराच वेळ गोंधळ, ही त्याची खूण. हृदयामुळे आलेली चक्कर सहसा पळताना किंवा उत्साहाच्या भरात येते, कुत्रं लुळं पडतं आणि काही सेकंदांत भानावर येतं. लॅब्राडॉरमध्ये आणखी एक आनुवंशिक प्रकार आहे: ५ ते २० मिनिटं जोरात पळाल्यावर मागचे पाय लटपटतात, पण शुद्ध बहुधा जात नाही. बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमनमध्ये कधीकधी नुसती मान हलत राहते आणि खाऊ दाखवला की थांबते. हे फरक सांगून कळत नाहीत, दाखवावे लागतात. म्हणून पुढच्या वेळी घरातल्या एकाने फक्त व्हिडिओ काढायचा. पूर्ण अंग दिसू द्या, मग डोळे, मग हिरड्यांचा रंग. मधे एकदा नावाने हाक मारा, म्हणजे शुद्ध आहे की नाही ते कळेल. थांबल्यावरही पाच मिनिटं चालू ठेवा.

वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, आणि आधीच्या २४ तासांत काय झालं ते लिहा. तुमच्या भागात यातच खरं कारण सापडू शकतं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत एकामागून एक फवारण्या चालतात. फवारणीच्या पंपाजवळचं पाणी चाटलं, बादलीत तोंड घातलं किंवा घरात उरलेल्या फोरेट या कीटकनाशकाचे दाणे पोटात गेले, तर लाळ, जुलाब, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि अंगभर थरथर दिसते. ती दीड मिनिटात थांबत नाही, तेव्हा औषधाचा डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. गोचिडांसाठी जनावरांचं बुटॉक्स किंवा टॅक्टिक अंदाजाने अंगाला लावणं, गाईम्हशींचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांचं औषध) कुत्र्याला टोचणं, हेही लिहा. ब्रेव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पारिका या गटातल्या गोचीड-पिसवांवरच्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्याआधी डॉक्टरांना विचारा. (बेदाण्याच्या शेडपासूनही त्याला लांब ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.)

'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे नेमकं काय तपासलं ते बघा. साखर, कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम, लिव्हर, किडनी, रक्तपेशी आणि गोचीडतापासाठी रक्ताची काच (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) एवढं तरी हवं. साखरेत एक गडबड होते: साध्या नळीत रक्त तासन्‌तास राहिलं तर पेशीच साखर वापरतात आणि आकडा खोटा कमी येतो. फ्लोराइडची नळी वापरा, किंवा जागेवरच ग्लुकोमीटर लावा. तरुण कुत्र्यात जन्मजात लिव्हर शंटही (रक्त लिव्हरमधून न जाता बाहेरूनच वळणं) असू शकतो, त्यासाठी बाइल ॲसिड चाचणी असते: १२ तास उपाशीपोटी एक नमुना, खाल्ल्यावर दोन तासांनी दुसरा. लसी अर्धवट असतील तर डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा विचार आलाच. झोपेतही एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडत राहणं ही त्याची ठळक खूण.

हे सगळं ठीक निघालं, पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली आणि मधल्या काळात चालणं, नजर, वागणं नॉर्मल असेल, तर एपिलेप्सी (अपस्मार) हेच निदान धरतात. अशा कुत्र्याचा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ येतो, वर भूल द्यावी लागते ती वेगळीच. मधल्या काळातही तोल जाणं, मान कलणं, आंधळेपणा दिसला, किंवा दोन औषधं चालू असूनही फिट थांबल्या नाहीत, तर मात्र एमआरआय करायलाच हवा. दुसरं मत हवं असेल तर साताऱ्याच्या पुढे हायवेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. व्हिडिओ, वही आणि सगळे रिपोर्ट घेऊन जा.

औषधाबद्दल स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट आल्या की औषध सुरू करावं असं सर्वसाधारण मत आहे, तुमच्याकडे दोन महिन्यांतच तीन झाल्या. बहुधा फिनोबार्बिटोन देतात: किलोला २.५ ते ३ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. २५ किलोला म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक रात्री, पण सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. पहिले दोन आठवडे झोप, लटपट, तहान, भूक वाढते, त्याने घाबरून गोळी बंद करू नका. एकदम बंद केल्यावर येणाऱ्या फिट आधीपेक्षा भयंकर असतात. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी, तीन महिन्यांनी लिव्हर, मग दर सहा महिन्यांनी दोन्ही तपासा. घरात पंधरा दिवसांचा साठा कायम ठेवा, ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही.

फिट चालू असताना पायऱ्या, हौद, बाजेच्या कडेपासून त्याला ओढून बाजूला घ्या. दिवा आणि टीव्ही बंद, मुलं आणि दुसरी कुत्री बाहेर. फिटमधल्या कुत्र्यावर दुसरं कुत्रं हल्ला करू शकतं. तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, तुमचं बोट मात्र चावलं जाईल. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, त्यात वेळ जातो. पूर्ण भानावर येऊन नीट गिळू लागेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा २४ तासांत दुसरी आली, तर रात्र असो वा पहाट, निघायचं. लांबलेल्या फिटमध्ये अंग तापतं, म्हणून गाडीत पंजांवर आणि पोटावर ओलं फडकं ठेवा, बर्फ नको. मळ्यातून दवाखान्याला वेळ लागत असेल तर घरी ठेवायच्या आपत्कालीन औषधाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा. लाळ गाळत धडपडणारं कुत्रं दिसलं की 'पिसाळलं' म्हणून लोक काठ्या घेतात. रेबीज झालेलं कुत्रं लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत मरतं, दोन महिने मधूनमधून झटके येऊन एरवी खेळत राहत नाही. तरी लसीचं कार्ड मोबाईलमध्ये ठेवा. रेबीजची लस झालेली नसेल किंवा भटक्या कुत्र्याने चावा घेतलेला असेल, तर लाळेला उघड्या हाताने शिवू नका. जखमेला लाळ लागली तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.