जवळच्या दीर्घिकेआड दडलेली दूरची दीर्घिका: वाचकांचे प्रश्न

पुढची दीर्घिका एवढी झगझगीत असताना मागची दिसते कशी?

पुढचा प्रकाश वजा करून. एनजीसी ६५०५ ही ५९ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका १८८४ पासून माहीत आहे. तिच्या गाभ्याभोवतीचं प्रकाशाचं कडं मात्र युक्लिड या अंतराळ दुर्बिणीला दिसलं आणि २०२५ मध्ये जाहीर झालं. हा प्रकाश ४४२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा. पुढचीच्या गुरुत्वाकर्षणाने तो भिंगातून जावा तसा वाकला. कड्याची त्रिज्या जेमतेम २.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). जमिनीवरून पाहताना वातावरण प्रतिमा पसरवतं, त्यामुळे एवढं कडं गाभ्याच्या उजेडात सहज मिसळून जातं.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा उजेड केंद्रापासून बाहेर सावकाश मंदावतो, म्हणून त्याचं गणिती प्रारूप बसवता येतं. त्याआधी संशयित कडं आणि आसपासचे तारे झाकून घ्यायचे. हे राहिलं तर प्रारूप कड्याचाच प्रकाश गिळतं आणि वजाबाकीनंतर हाती काही उरत नाही. सर्पिल दीर्घिकेत काम फार अवघड होतं. धुळीचे पट्टे आणि तरुण ताऱ्यांचे पुंजके हुबेहूब मागच्या दीर्घिकेसारखे दिसतात.

ते कडं पुढच्याच दीर्घिकेचं नाही कशावरून?

वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत विभागून. काही दीर्घिकांना स्वतःचं कडं असतंच, त्यामुळे आकारावर विसंबू नये. इथे पुढचीची ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला ते; दीर्घिका जितकी दूर तितकी ती जास्त) ०.०४२ आहे, तर केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात कड्याची ०.४०६ निघाली. प्रश्न मिटला. या गुरुत्वीय भिंगामुळे मागची दीर्घिका २१.३ ऐवजी १८.१ प्रतीची (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा लहान तितकं तेज जास्त), म्हणजे सुमारे १९ पट तेजस्वी दिसते.

नुसत्या रंगावरून अंतर काढलं तर?

ते अंतर कच्चं; दीर्घिका तोवर फक्त उमेदवार. सीईईआरएस-९३३१६ या दीर्घिकेची ताम्रसृती वेब अंतराळ दुर्बिणीच्या रंगीत फिल्टरांवरून १६ च्या आसपास वाटत होती. वर्णपटात ती ४.९ ठरली. धूळ आणि ठळक उत्सर्जनरेषा (तापलेल्या वायूचा ठरावीक रंगांतला प्रकाश) मिळून नेमका अतिदूरच्या दीर्घिकेचा रंग उभा करतात. वर्णपट हाती येईपर्यंत सर्वात दूरच्या दीर्घिकेच्या विक्रमाची बातमी देऊच नये, असं आमचं ठाम मत आहे.

घरच्या संगणकावर शोधता येईल?

हो. हबल आणि वेब या अंतराळ दुर्बिणींच्या खुल्या फाइली ‘मास्ट’ या ऑनलाइन संग्रहातून फिट्स या खगोलशास्त्रीय फाइल-स्वरूपात मोफत मिळतात. जेपीईजी घेऊ नका, त्यात मंद तपशील दबलेले असतात. फाइल डीएस९ या खगोलचित्रं पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि स्केल ‘लॉग’ ठेवा. कमानीची पोकळ बाजू दीर्घिकेच्या केंद्राकडे आहे का आणि समोरासमोरच्या तुकड्यांचा रंग जुळतो का, ते पाहा. वेबच्या चित्रात सहा ठळक किरणं फुटलेला ठिपका बहुधा आपल्याच आकाशगंगेतला तारा असतो; तो सोडून द्या.