'एलिया'तला 'या' कुणाचा?

एलिया, एलियाहू, इलियास ही एकच नावं का? अर्थ काय?

एकच. मूळ हिब्रू 'एलियाहू'. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हे यहोवा या बायबलातल्या देवाच्या नावाचं आखूड रूप. म्हणजे 'यहोवा हाच माझा देव'. ग्रीकमध्ये त्याचं एलियास झालं, अरबीत इलियास. कुराणातही हे नाव येतं.

नुसता शब्दार्थ मात्र पुरत नाही. एलिया हा बायबलातला संदेष्टा, इसवी सनापूर्वीच्या 9व्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातला. राजा अहाब, राणी सीदोनची ईजबेल, आणि दरबारात बआल देवाची पूजा. अशा राज्यात नुसतं नाव सांगणं म्हणजेच बाजू घेणं होतं. कर्मेल डोंगरावर बआलाचे 450 संदेष्टे एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे. आकाशातून अग्नी उतरून त्याचं होमार्पण भस्म होतं आणि लोक ओरडतात, 'यहोवा हाच देव!' तो भाग वाचताना मला दर वेळी वाटतं, जमावाच्या तोंडी आलंय ते जवळजवळ त्याचंच नाव.

मग बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला सांभाळणारा याजक (पुजारी) एली, तेच नाव का?

नाही. देवनागरीत दोन्ही सारखी दिसतात. याजकाचं नाव हिब्रूत 'ऐन' या अक्षराने सुरू होतं, 'माझा देव' मधलं एली 'आलेफ'ने. याजकाच्या नावाचा संबंध सहसा उंचीशी जोडतात. वधस्तंभावरच्या येशूची 'एली, एली' (माझ्या देवा, माझ्या देवा) ही हाक मात्र आलेफवालीच, म्हणून तर जवळ उभे असलेले काही जण म्हणाले, 'हा एलियाला बोलावतोय.'

मुलाचं नाव एलिया ठेवायचंय. घरचे म्हणतात, 'या'ने संपतं, मुलीचं वाटेल.

प्रिया, सुप्रिया ऐकलेल्या कानाला तसं वाटणारच. पण हा 'या' स्त्रीलिंगी प्रत्यय नाही, तो देवाच्या नावाचा तुकडा आहे. यशया, यिर्मया, जखऱ्या, सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या शेवटी तोच. 'हालेलूया'तही तोच: 'याहची स्तुती करा'. खुशाल ठेवा. शाळेत कुणी चिडवलंच तर मुलाला सांगता येईल असा अर्थ त्याच्यापाशी आहे.

अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक, एलियाहूला इतकं का मानतात?

बायबलात एलिया मरत नाही, अग्निरथ येतो आणि वावटळीतून तो वर जातो. म्हणून तो परत येईल अशी वाट ज्यू लोक जगभर पाहतात. वल्हांडणाच्या (पेसाह या ज्यू सणाच्या) जेवणात त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्याला आणखी जवळ आणलं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा. पूर्वी मराठी वळणाने या नावाचं 'एलोजी' व्हायचं, जसं इसहाकचं इसाजी.

आणि मलिदा, एलियाहूच्या नावाने होणारा त्यांचा विधी! लग्नापूर्वी, नवस फेडताना, नव्या घरात शिरताना 'एलियाहू हन्नबी' म्हणतात. हन्नबी म्हणजे संदेष्टा. मधोमध ताट असतं: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. प्रार्थना संपली की सगळ्यांना वाटतात.