आपले प्रश्न : यित्झाक शामीर यांची भूमिगत वर्षे

प्रश्न : इस्रायलचे माजी पंतप्रधान यित्झाक शामीर हे ब्रिटिश अमदानीत पॅलेस्टाइनमध्ये भूमिगत होते, असे वाचनात आले. परक्या सत्तेशी लढणाऱ्या भूमिगतांना लोक घरोघरी आसरा देतात, अशी आपली समजूत असते. त्यांचे आयुष्यही तसेच होते का? आणि त्यांना क्रांतिकारक म्हणावे की दहशतवादी?

उत्तर : आसऱ्याविषयीची ही समजूत शामीर यांच्या ‘लेही’ या संघटनेला, निदान तिच्या सुरुवातीच्या वर्षांत, लागू पडत नाही. त्या वेळी पॅलेस्टाइनमधल्या ज्यू समाजात तीन सशस्त्र संघटना होत्या. हगाना सर्वांत मोठी, इरगुन तिच्याहून लहान पण जहाल, आणि १९४० साली इरगुनमधून फुटून निघालेली लेही सर्वांत लहान. महायुद्ध सुरू झाल्यावर पहिल्या दोन संघटनांनी हिटलरविरुद्ध ब्रिटिशांशी जुळवून घेतले. लेहीचा संस्थापक अव्राहम स्टर्न मात्र ब्रिटनलाच मुख्य शत्रू मानत राहिला, आणि त्या हट्टापायी त्याने बैरूतमार्गे नाझी जर्मनीशी संधान बांधण्याचाही प्रयत्न केला. पैशासाठी घातलेल्या दरोड्यांत ज्यू माणसेच मारली गेल्यावर या मंडळींना स्वतःच्या समाजात तोंड दाखवायला जागा उरली नाही. पोलिसांइतकीच भीती खबर देणाऱ्या शेजाऱ्यांची होती.

स्टर्नचे शेवटचे दिवस पाहिले की हे स्पष्ट होते. घडीची खाट पेटीत घालून तो एका घरातून दुसऱ्या घरात हिंडत असे. अखेर १२ फेब्रुवारी १९४२ रोजी तेल अवीवच्या फ्लोरेंटिन भागातल्या एका गच्चीवरच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात लपलेला असताना तो पोलिसांच्या हाती लागला आणि तिथेच गोळी लागून मरण पावला. तो पळू पाहत होता असे पोलिसांचे म्हणणे, तर निःशस्त्र माणसाला ठार मारले असे त्याच्या साथीदारांचे म्हणणे. हा वाद कधीच मिटला नाही.

शामीर त्या वेळी स्थानबद्ध होते. आजच्या बेलारूसमधल्या रुझानी गावी १९१५ साली जन्मलेले आणि १९३५ मध्ये पॅलेस्टाइनला आलेले हे गृहस्थ त्याच वर्षी, म्हणजे १९४२ साली, मझरा छावणीतून निसटले आणि विस्कटलेली लेही त्यांनी नतान येलिन-मोर व इस्राएल एल्दाद यांच्यासह पुन्हा उभी केली. त्यांचे मूळ आडनाव येझेर्नित्स्की. खोट्या ओळखपत्रावरचे ‘शामीर’ हे नाव पुढे कायम झाले. संघटनेत ते ‘मायकेल’ म्हणून ओळखले जात. आयरिश बंडखोर मायकेल कॉलिन्सवरून त्यांनी ते नाव घेतले होते. दाढी वाढवून, काळा पोशाख घालून ते धर्मगुरूच्या वेशात वावरत. सोंग तसे चांगले वठले होते, फक्त दाट भुवयांचे काय करायचे हे त्यांना सुचले नसावे. जुलै १९४६ मध्ये इरगुनने जेरुसलेमचे किंग डेव्हिड हॉटेल उडवले, त्यात ९१ माणसे मेली, आणि त्यानंतर सैन्याने तेल अवीवमध्ये संचारबंदी लावून घरोघर झडती घेतली. इरगुनचे प्रमुख मेनाकेम बेगिन, तेही धर्मगुरूच्याच वेशात वावरत असत, या वेळी राहत्या घरातल्या एका चोरकप्प्यात अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वाचले. सैनिकांनी त्यांच्या बागेतच तळ ठोकला होता. शामीर यांना मात्र टी. जी. मार्टिन नावाच्या पोलिसाने त्या भुवयांवरूनच ओळखले. दोन महिन्यांच्या आत लेहीने मार्टिनला हैफामध्ये टेनिसच्या मैदानाजवळ गोळ्या घातल्या.

शामीर यांची रवानगी एरिट्रियातल्या छावणीत झाली. जानेवारी १९४७ मध्ये इरगुनच्या काही कैद्यांबरोबर भुयार खणून ते बाहेर पडले, तेलाच्या ट्रकमध्ये दडून इथिओपियात पोचले आणि पुढे जिबुतीमार्गे फ्रान्सला गेले.

पाठलागापेक्षाही कठीण प्रसंग संघटनेच्या आत घडत. मझरातून शामीर यांच्याबरोबर पळालेला एलियाहू गिलादी इतका बेफाम झाला होता की तो स्वकीयांच्याही जिवावर उठेल, अशी शामीर यांची खात्री पटली. १९४३ साली त्यांनी त्याला ठार करण्याचा निर्णय घेतला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली आहे. त्यांच्या मुलाचे नाव याईर, म्हणजे स्टर्नचे टोपणनाव. आणि मुलीचे नाव गिलादा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. दहशतवाद हा शब्द लेहीला स्वतःला झोंबत नव्हता. १९४३ साली तिच्या मुखपत्रातल्या लेखात दहशतीचा मार्ग उघडपणे समर्थनीय ठरवला होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये तिच्या दोन तरुणांनी कैरोत ब्रिटिश मंत्री लॉर्ड मॉइन यांची हत्या केली आणि ते फासावर गेले. परक्या सत्तेच्या मंत्र्याला मारणे हा लढ्याचा भाग, असा युक्तिवाद एखादा वाचक करील. परंतु एप्रिल १९४८ मध्ये इरगुन आणि लेहीने दैर यासीन या अरब गावावर हल्ला केला, त्यात स्त्रिया-मुलांसह शंभरावर माणसे मेली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, ब्रिटिश निघून गेल्यावर, लेहीने संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नादोत यांचा जेरुसलेममध्ये खून केला. इथे तो युक्तिवाद टिकत नाही, म्हणून मी ‘दहशतवादी’ हाच शब्द वापरतो. इस्रायली सरकारने बर्नादोत यांच्या खुनानंतर लेहीवर दहशतवादी संघटना म्हणून कारवाई केली, तरी १९४९ साली येलिन-मोर संसदेत निवडून आले, १९८० साली सरकारनेच लेहीच्या जुन्या सदस्यांसाठी सन्मानफीत सुरू केली आणि १९८३ साली शामीर पंतप्रधान झाले.