मोठ्या मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत काम करणं कसं असतं? डिप्लोमा झालाय, चाकणला ट्रेनी म्हणून कॉल आलाय, जाऊ का?

भावा, तू लिहिलंयस की घरचे म्हणतायत मोठी कंपनी आहे, डोळे झाकून जा. मी याच पट्ट्यात बरीच वर्षं गाड्यांच्या असेंब्ली लाईनवर आहे, आधी ट्रेनी होतो, मग कॉन्ट्रॅक्टवर, आता पर्मनंट, म्हणजे तिन्ही पगार खाऊन झालेत. कंपनीचं नाव नको विचारूस. माझं मत विचारशील तर जरूर जा, पण डोळे झाकून नको, कारण गेटवर कुठलं नाव लिहिलंय यापेक्षा तू कुणाच्या रोलवर आहेस, म्हणजे कागदोपत्री कंपनीचा माणूस आहेस की कॉन्ट्रॅक्टरचा, यानेच तुझे दिवस कसे जाणार ते ठरतं.

आधी काम कसं असतं ते सांगतो. लाईन सतत सरकत असते. आमच्याकडे साधारण दीड मिनिटाला एक गाडी स्टेशनवरून पुढे जाते, त्याला टॅक्ट टाइम म्हणतात, आणि तेवढ्यात तुझं काम झालंच पाहिजे. समज तुझ्याकडे चार बोल्ट आहेत. बोल्ट थेट टूलने मारायचा नसतो, आधी हाताने दोन-तीन आटे बसवायचे, कारण आटा तिरका बसला की बोल्ट क्रॉस जातो आणि टूल त्याला तसाच आत दाबतं. मग नटरनर, म्हणजे बोल्ट आवळायचं टूल लावायचं, टॉर्क म्हणजे आवळायचा जोर बरोबर बसला की हिरवा दिवा, नाहीतर लाल, आणि हिरवा आला की प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करने रेघ. ऐकायला पोरखेळ वाटेल पण शिफ्टच्या शेवटच्या तासाला खांदा भरून आलेला असतो, मागची गाडी डोक्यावर आलेली असते, तेव्हा ते दोन आटे हाताने बसवायचा कंटाळा येतो, आणि नेमकं तिथेच कळतं माणूस कामाचा आहे का नाही. तो बोल्ट कुणाच्या तरी ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असतो रे. जमलं नाही तर अँडॉनची दोरी ओढायची, वर दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. नवीन पोरं घाबरतात, लाईन थांबली तर साहेब बोलतील म्हणून, पण दोरी त्यासाठीच लावलेली आहे, बिनधास्त ओढ.

मोठ्या कंपनीचं खरं मोठेपण मला विचारशील तर सेफ्टीत आहे. प्रेस शॉपमध्ये दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायची शक्यताच ठेवलेली नसते, वर पुढे सेन्सरचा पडदा. हाच पार्ट खाली छोट्या व्हेंडरकडे बनतो तिथे मात्र एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय, कारण पीस जास्त निघतात. भोसरी-चाकण भागात बोटं गेलेली माणसं तुला भेटतील, त्यांना विचार कुठल्या मशीनवर गेली. म्हणून कुठेही लागलास आणि कुणी सेन्सर बायपास करून चालव म्हटलं तर सरळ नाही म्हण, नोकरी दुसरी मिळेल.

आता रोलचं. पर्मनंट असलास तर पगार चांगला, बस, सबसिडीचं कॅन्टीन, मेडिक्लेम, युनियन, आणि सहसा तीन-साडेतीन वर्षांनी पगारवाढीचा करार. करार झाला की पेपरात पिंपरी-चिंचवडच्या पानावर बातमी येते आणि गावाकडून फोन सुरू होतात. लग्न जमवतानाही मुलीकडचे आधी हेच विचारतात, मुलगा पर्मनंट आहे का? पण अशी भरती आता फार कमी झालीय. त्याच लाईनवर, त्याच बोल्टवर, तेच सेफ्टी शूज घालून शेजारी उभा असलेला कॉन्ट्रॅक्टचा पोरगा माझ्या निम्म्यापेक्षा कमी पगारात काम करतो आणि सात महिने झाले की त्याला ब्रेक मिळतो. यामागे हिशोब आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की सलग सेवा धरली जायची, मग माणूस काढायला नोटीस आणि भरपाई लागायची, म्हणून त्याच्या आत माणूस काढायचा आणि थोड्या दिवसांनी परत घ्यायचा अशी पद्धतच पडली. आपल्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात तर पर्मनंटचे हक्क द्यायला लागू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलंय, तरी चाललंय. मला याचा मनापासून राग येतो. माझ्या हाताखाली तयार झालेली, माझ्यापेक्षा चांगला हात असलेली पोरं ब्रेकवर गेली ती परत आलीच नाहीत, कुणी डिलिव्हरीला लागलं, कुणी गावी गेलं, आणि त्यांच्या जागी नवीन पोराला मी पहिल्यापासून आटे बसवायला शिकवतो. यात कंपनीचंही नुकसान आहे, रिवर्क म्हणजे चुकलेलं काम परत करणं वाढतं, पण हे वरच्या मीटिंगमध्ये कुणी मांडत नाही.

शिफ्ट आठवड्याला बदलते. फर्स्टची सवय होते, सेकंड बरी, थर्डला पहाटे तीन ते पाच फार जड जातात, त्या वेळी जेवण हलकं ठेव आणि सकाळी रूमवर गेल्यावर मोबाईल बाजूला टाकून आधी झोप. या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे रविवारची लग्नं, मित्रांचे कार्यक्रम सगळं हुकतं, त्याची तयारी ठेव. कंपनीची बस नसेल तर तळेगाव चौकातला ट्रॅफिक पण शिफ्टच्या तासांत धर. आणि खंडेनवमीचा दिवस मात्र चुकवू नकोस, मशीन धुऊन पुसून हार घालतात, रोबोटलासुद्धा झेंडूची माळ असते, वर्षभर न बोलणारे साहेबही त्या दिवशी लाईनवर येऊन पोरांबरोबर प्रसाद खातात.

तू विचारलंयस शिकायला मिळतं का. मिळतं, पण असेंब्लीवर नुसता उभा राहिलास तर एका स्टेशनचं शिकशील आणि ते बाहेर कुठे चालत नाही. डिप्लोमा आहे ना, मग मेंटेनन्सच्या माणसांशी दोस्ती कर, ब्रेकडाऊन झाला की तिथे जाऊन बघ काय करतायत, पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, रोबोटचं प्रोग्रॅमिंग, वेल्डिंगला पार्ट धरून ठेवणारं फिक्स्चर, जे मिळेल ते. आमच्याकडून बाहेर पडून ज्यांचं भलं झालं त्यातले बरेचसे मेंटेनन्स आणि टूल रूमचे होते.

जॉइन होण्याआधी लेटर कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघ, कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या. ट्रेनिंग अप्रेंटिस कायद्याखाली रजिस्टर होणार का, शेवटी सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, हे एचआरला तोंडी नाही, मेलवर विचार. कॉन्ट्रॅक्टवर गेलास तर यूएएन, म्हणजे तुझ्या पीएफचा नंबर घे आणि पीएफ खरंच भरतायत का ते दर महिन्याला पासबुकात तपास, ओटी म्हणजे ओव्हरटाइम केली तर ती डबल रेटने स्लिपवर दिसली पाहिजे, रोख हातात देतो म्हणाले तर समजून जा. आणि मागच्या दोन बॅचमधले किती ट्रेनी पुढे घेतले ते गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचार, शिफ्ट सुटायच्या वेळी जा, दोन कप चहात सगळं कळेल. ही उत्तरं थोडीफार पटली तर ये. लेटर आलं की त्यातलं काही समजलं नाही तर मला विचार, मी बघून सांगतो.