कोलंबस, इंडियाना: गाव केवढं, माणसं किती

तुम्ही विचारलंत, "मिस्टरांना कंपनी दोन वर्षांसाठी कोलंबसला पाठवतेय, मुलगी सातवीत आहे. गाव केवढं आहे, वस्ती किती, आपली माणसं आहेत का?" व्हिसा, इन्शुरन्स, बॅगांचं वजन हे सगळं कंपनीचे लोक सांगतीलच, त्यात मी पडत नाही. पण तुमचा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यात घोळतोय, म्हणून लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक लक्षात ठेवा, कोलंबस दोन आहेत. ओहायोतलं कोलंबस ही त्या राज्याची राजधानी, वस्ती नऊ लाखांच्या वर. आपलं ते नव्हे. पत्ता लिहिताना इंडियाना लिहायला विसरू नका आणि तिकीट इंडियानापोलिसचं काढा. तिथून आय-६५ हायवेने दक्षिणेला गाडीने तासभर. ६८ नंबरच्या एक्झिटला रस्त्यावर लाल कमान दिसली की गाव आलं.

जमीन सपाट. गावाबाहेर पडलात की मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मका उंच वाढला की गाडीतून दुसरं काही दिसत नाही. पश्चिमेला मात्र ४६ नंबरच्या रस्त्याने थोडं गेलात की ब्राउन काउंटीच्या टेकड्या लागतात. हिमयुगातल्या बर्फाने या राज्याचा बराचसा भाग सपाट करून टाकला, तो बर्फ या टेकड्यांपर्यंत पोचला नाही म्हणून त्या उरल्या. पुण्याच्या माणसाला टेकडीशिवाय करमत नाही, त्यामुळे हे आवर्जून सांगतेय. ऑक्टोबरात तिथे पानांचे रंग बघायला एवढी गर्दी होते की सिंहगडाचा रविवार परवडला.

ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाला लागूनच एकत्र येतात आणि तिथून पुढे व्हाइट नदीचा पूर्व फाटा सुरू होतो. शिवाय हॉ क्रीक नावाचा एक ओढा आहे. एरवी बघाल तर पावलं जेमतेम बुडतील एवढं पाणी. ७ जून २००८ ला याच ओढ्याने गावाची दैना केली. हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, पेशंट हलवावे लागले आणि हॉस्पिटल काही महिने बंद राहिलं. त्यामुळे भाड्याचं घर बघताना स्वयंपाकघर केवढं आहे ते नंतर बघा, आधी पुराचा नकाशा बघा. घर दाखवणारा आपणहून बोलेल असं धरून चालू नका.

थंडीबद्दल सगळेच बोलतात, उजेडाबद्दल कोणी बोलत नाही. आपण पूर्वेच्या टाइम झोनमध्ये आहोत, पण त्याच्या पार पश्चिम टोकाला. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत गायब. पोरं सकाळी काळोखात स्कूल बसची वाट बघत उभी असतात. जूनमध्ये उलटं, नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड. तेव्हा मुलीला झोपवायला जाड पडदे लागतील.

आता वस्ती. २००० च्या जनगणनेत ३९,०५९, २०१० मध्ये ४४,०६१, २०२० मध्ये ५०,४७४. म्हणजे पुण्यातला एखादा प्रभागसुद्धा याहून मोठा. तरी आकडा वाढतोय, आणि त्यात आपल्या लोकांचा वाटा आहे. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी इथे १९१९ साली सुरू झाली, पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये. तेव्हापासून कोथरूड आणि हे मक्यातलं गाव एकमेकांना बांधलेलं आहे. किराण्याच्या दुकानात "अहो, गवार आहे का?" असं मराठीत ऐकू आलं तर दचकू नका. गणपती बसतो, दिवाळी होते, चकलीच्या भाजणीची देवाणघेवाण चालते.

गाव दिसायलाही वेगळं आहे. कंपनीच्या जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात एक पद्धत सुरू झाली: सार्वजनिक इमारतीसाठी मोठा आर्किटेक्ट निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. शिवाय एवढ्याशा गावात आय. एम. पेई या नामवंत आर्किटेक्टची लायब्ररी आहे आणि सारिनेन या आर्किटेक्ट बाप-लेकांनी आखलेली चर्च आहेत. लोक लांबून फोटो काढायला येतात. आपण त्याच लायब्ररीत उशीर झालेली पुस्तकं परत करायला जातो. डाउनटाउनला 'द कॉमन्स' नावाची बंदिस्त जागा आहे, लहान मुलांना खेळायला. जानेवारीत तिथे निम्म्या आया मराठी असतात. माझे पहिले दोन हिवाळे तिथल्या बाकावर गेले.

बाकावर गेले, कारण काम करायची परवानगी नव्हती. मी कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजची इंजिनियर. कंपनीचं नाव असलेल्या कॉलेजात शिकले, कंपनीच्या गावात आले, आणि फॉर्मवर माझ्यासमोर एकच शब्द: डिपेंडंट. तुमच्या वेळी नियम कोणते असतील ते वकील सांगेल. वकील जे सांगणार नाही ते असं: भाडेकरार, वीजबिल, बँकेचं खातं, प्रत्येक गोष्टीवर पहिल्या दिवसापासून तुमचं नाव घालून घ्या. माझं कशावरच नव्हतं. त्यामुळे लायसन काढायला गेले तेव्हा खिडकीवरची बाई म्हणाली, या पत्त्यावर तुम्ही राहता याचा पुरावा काय? नवरा शेजारी उभा, लेक कडेवर, आणि मी तिथे राहते याचा पुरावा नाही. मग सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही असं सांगणारं पत्र दुसऱ्या ऑफिसातून आणा, मग पासपोर्टवरच्या नावात नवऱ्याचं नाव मधे का, ते समजावून सांगा. त्या दिवशी पार्किंगमध्ये मी रडले नाही, चिडून वडापाव करायला घरी गेले. गाडीशिवाय इथे तुम्ही कोणीच नाही. शहरात बस आहे, पण तिच्या भरवशावर संसार होत नाही.

शाळेचं मात्र अजून सलतं. प्रवेशाच्या वेळी भाषेचा एक कागद भरावा लागतो. मुलाची पहिली भाषा कोणती, मूल जास्त कोणती बोलतं, घरात कोणती बोलतं. आम्ही तिन्हीकडे अभिमानाने मराठी लिहिलं, खरंच होतं ते. झालं, लेकीची इंग्रजीची परीक्षा झाली. सहा वर्षांची पोर, नव्या देशात, अनोळखी बाईसमोर, अवाक्षर बोलली नाही. मग तिला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेऊ लागले. पुण्यात इंग्रजी शाळेत जात होती, गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचायची, ते कोणी विचारलं नाही. यादीतून नाव निघायला वर्षाची परीक्षा पास व्हावी लागते, तोवर थांबा. शिक्षिका प्रेमळ होत्या, त्यात वाद नाही. पण त्या दिवसांनंतर ती शाळेच्या दारात माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली, आणि हळूहळू घरातही. आता आठवीत आहे. आजीचा फोन आला की "हो", "बरं" आणि "जेवले". तुमची लेक मोठी आहे, ती परीक्षेत बोलेल. तरी तिला आधी नीट सांगून ठेवा की तिथे गप्प बसायचं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. गाव लहान म्हणून एकटं वाटेल असं सगळे सांगतात, ते खोटं आहे. पहिल्या महिन्यात तुम्हाला इतकी जेवणाची बोलावणी येतील की तुम्ही वैतागाल. त्रास वेगळा आहे. ५०,४७४ हा आकडा जागेवर असतो, त्यातली आपली माणसं नसतात. दोन वर्षं, तीन वर्षं, असाइनमेंट संपली की बॅगा भरल्या. कुकर, गाद्या, स्नो बूट मागे राहणाऱ्यांकडे येतात. माझ्या गराजमध्ये तीन घरांचं सामान आहे. आमचीसुद्धा दोनच वर्षं ठरली होती. मग एच-वन व्हिसा झाला, मग ग्रीन कार्डची रांग, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग किती हलते ते तुम्हाला ठाऊक असेलच. लेक २१ वर्षांची व्हायच्या आत नंबर लागला नाही तर तिला आमच्या मागून कार्ड मिळणार नाही, हे गणित आमच्या घरात कोणी मोठ्याने मांडत नाही. परत जायचं का, हा विषय नवरा गाडी चालवताना काढतो, म्हणजे उत्तर देईपर्यंत घर येतं.

लेकीची जिवाभावाची मैत्रीण पाचवीत असताना बावधनला परत गेली. आम्हा मोठ्यांना तारीख आधीपासून माहीत होती. या दोघी मात्र पुढच्या उन्हाळ्याच्या कॅम्पची नावं ठरवत होत्या. त्यानंतर पुण्याहून कोणी नवं आलं, की ती आधी मला विचारते, "हाउ लाँग?"

तर घर बघायला लागलात की पत्ता कळवा, ओढा किती लांब आहे ते सांगते. आल्यावर पहिले काही दिवस गाडी माझी वापरा, लायसनला मी बरोबर येईन. आणि दोन वर्षं म्हणजे खरंच दोनच का, ते मिस्टरांना नीट विचारून कळवा. तुमच्या मुलीची आणि माझ्या लेकीची गाठ घालून द्यायची की नाही, ते मी त्यावर ठरवीन.