बँकेचा फुल फॉर्म विचारू नका

'बँक' या एका शब्दावर इतकी पत्रं साठली आहेत की या खेपेला दुसरं काही घेत नाही.

प्रश्न : 'अवर व्हिलेज इज ऑन द बँक ऑफ द कृष्णा' याचं भाषांतर मुलाने 'आमचं गाव कृष्णा बँकेवर आहे' असं केलं. गुण कापले. हे बरोबर आहे का? (पालक, भिलवडी)

उत्तर : बरोबर आहे. इथे बँक म्हणजे काठ. भिलवडीच्या घाटावर नेऊन उभा करा, जन्मात विसरणार नाही.

प्रश्न : बँकेचा फुल फॉर्म 'बॉरोइंग, अ‍ॅक्सेप्टिंग, निगोशिएटिंग, कीपिंग' असा आमच्या गाइडमध्ये दिलाय. मुलाखतीत सांगू का? (स्पर्धा परीक्षार्थी, विटा)

उत्तर : सांगू नका. बँकेला फुल फॉर्म नाही, कधी नव्हता. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला माझं डोकं फिरतं. आद्याक्षरं जोडून शब्द करायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. 'रडार' तसा झाला, 'लेझर' तसा झाला. बँक ऑफ इंग्लंड 1694 सालची आणि शब्द तर तिच्याहूनही जुना. मग ही आद्याक्षरं जोडली कोणी?

खरी गोष्ट या बनावटीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. इटलीत सराफ बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. त्या बाकाला म्हणत 'बांका'. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पेढीचं नाव झाला. इटालियनने तो मुळात जर्मानिक भाषांकडून उचललेला. इंग्रजीतला 'बेंच' त्याच कुळातला आणि काठ या अर्थाची 'बँक'सुद्धा. ती मात्र उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर वेगळ्या वाटेने आली. म्हणजे वाटा दोन, घराणं एक. आणि शाळेत आपण ज्यावर बसलो तो 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आलेला, म्हणजे तोही भाऊबंदच!

'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हेही त्याच कारखान्यातलं. 'न्यू'चं अनेकवचन, बाकी काही नाही. असे फुल फॉर्म छापून गाइड जाड होतं, किंमतही वाढते. शब्दाच्या उगमाचा संशय आला की व्युत्पत्ती देणारा चांगला शब्दकोश पाहा. वाचनालयात तो फुकट मिळतो.

प्रश्न : बारावीच्या फिजिक्समध्ये 'बँकिंग ऑफ रोड्स' आहे. रस्त्याचा बँकेशी काय संबंध? परीक्षा सोमवारी आहे. (विद्यार्थिनी, इस्लामपूर)

उत्तर : पैशाच्या बँकेशी काही नाही, काठाशी आहे. काठ म्हणजे उतार. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवून त्याला उतार देतात. विमान कुशीवर कलतं तेव्हाही हेच क्रियापद. सूत्र मात्र तुमच्या सरांना विचारा, आणि रविवारी रात्री नको.

प्रश्न : रक्त ठेवतात त्या जागेला बँक का म्हणतात? (नर्सिंगची विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : ठेव ठेवायची, गरजेला काढायची, म्हणून. 1937 साली शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी हे नाव दिलं.

प्रश्न : बेदाणा घेतलेल्या परगावच्या व्यापाऱ्याचं इंग्रजी पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं. त्यात 'बँकरप्सी' हा शब्द आहे. व्हिडिओत ऐकलं की इटलीत बुडालेल्या सराफाचा बाक कुऱ्हाडीने फोडत. म्हणजे आमचे पैसे गेले का? (व्यापारी, तासगाव)

उत्तर : 'बांका रोत्ता' म्हणजे मोडलेला बाक, तिथूनच 'बँकरप्ट' आला, एवढं खरं. कुऱ्हाडीचा प्रसंग व्हिडिओवाल्यांनाच लखलाभ. आजच्या इंग्रजीत शब्दाचा अर्थ दिवाळखोरी. पण पत्रात तो कसा वापरलाय? दिवाळखोरी जाहीर झाली आहे, अर्ज केलाय, की नुसती धमकी आहे? ते आधीचे-नंतरचे शब्द वाचल्याशिवाय कळत नाही आणि पैशाचं काय होणार हे शब्दकोश सांगत नाही. अशा कामात दावा नोंदवायला मुदत असते. तीन आठवडे पत्र खिशात ठेवून तुम्ही बाकाच्या गोष्टी ऐकत बसलात? मला पुन्हा लिहू नका. पत्र, पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या घ्या आणि आजच वकिलाकडे जा.