हिऱ्याच्या नॅनोतारेची उष्णतावाहकता ३०० केल्विनला क्लासिकल मॉलिक्युलर डायनॅमिक्सने काढली तर चालेल का?

नाही, आकडा मिळेल, पण त्यावर विसंबू नका. या पद्धतीत अणू न्यूटनच्या नियमांनी हलतात, त्यामुळे मंद असो वा जलद, प्रत्येक कंपनाच्या वाट्याला तापमानाच्या प्रमाणात सारखीच ऊर्जा येते. खऱ्या हिऱ्यात फोनॉन (स्फटिकातील कंपनांचे ऊर्जापुंज) बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी (कोणत्या कंपनाला किती ऊर्जा मिळते हे सांगणारा क्वांटम नियम) पाळतात आणि जलद कंपने ३०० केल्विनला जवळजवळ गोठलेली असतात, कारण हिऱ्याचे डिबाय तापमान (ज्याच्या वर जवळजवळ सगळी कंपने जागी असतात) २,००० केल्विनच्या आसपास आहे. परिणाम थेट दिसतो: मोलर उष्माधारकता (एक मोल पदार्थ एक केल्विनने तापवायला लागणारी उष्णता) क्लासिकल हिशेबाने सुमारे २५ ज्यूल प्रति केल्विन, प्रत्यक्षात साधारण ६.

घोळ एवढ्यावर संपत नाही. विनाकारण जागी झालेली ही कंपने इतर फोनॉनशी धडकून त्यांचे आयुष्य घटवतात. मोठ्या स्फटिकात या दोन चुका (जास्त उष्माधारकता आणि कमी आयुष्य) उलट दिशेने ओढतात, म्हणून उत्तर कधीकधी बरोबर भासते (हेच जास्त फसवे). बारीक तारेत मात्र फोनॉनचा मुक्त पथ (दोन धडकांमधले सरासरी अंतर) मुख्यतः पृष्ठभागच ठरवतो. मग उष्माधारकतेची चूक उघडी पडते आणि वाहकता फुगते. नुसते तापमानाचे आकडे सरसकट बदलून केलेली 'क्वांटम दुरुस्ती' इथे पुरत नाही, कारण प्रत्येक कंपनाची चूक वेगळी असते. त्यापेक्षा क्वांटम गणनेतून बलस्थिरांक (अणूंमधल्या बंधांचा ताठपणा सांगणारे आकडे) काढून फोनॉनचे बोल्ट्झमन समीकरण (फोनॉन उष्णता कशी वाहून नेतात याचे समीकरण) सोडवा.

अपवाद: डिबाय तापमानाच्या वर, किंवा ओबडधोबड आंतरपृष्ठे आणि द्रवांसाठी क्लासिकल पद्धत अजूनही कामाची आहे.